हाफकिन यांची लस आणि मलकोवालची कुपी

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओच्या डोसामुळे आणि सर्पदंशावरील इंजेक्शनामुळे किनवटसारख्या दूरच्या तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांची ओळख मात्र फार थोड्यांना असते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते. प्राणिशास्त्र शिकलेले, मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद झाली, तेव्हा ते जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे पहिले काम मिळाले ते ग्रंथालयात. त्याच संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली.

लस टोपलीभर बनवायची तर जंतूही तेवढेच हवेत. हाफकिन यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना लटकून खाली लोंबत वाढत. भांडे हलवले की ते तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी उष्णता देऊन जंतू मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचली. ताप आला, दंड दुखला, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. संरक्षण पूर्ण नव्हते, पण टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. मग एका खोलीतील प्रयोगाचा कारखाना झाला.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच कुपीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्याच दिवशी इतर कुप्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. तरीही ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, कारण हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले होते. त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे कागदपत्रे तपासली गेली तेव्हा वेगळी गोष्ट समोर आली. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. कुपी उघडली तेव्हा दुर्गंधी आली नव्हती. जंतू प्रयोगशाळेतूनच आले असते तर ती यायला हवी होती. रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले आणि कोलकात्याला परतले. पण कामाची पाच उमेदीची वर्षे गेली ती गेलीच, आणि परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

१९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर तिथून प्लेग लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मलकोवालचा धडा आजही उपकेंद्रात पाळला जातो. गोवर-रुबेलाची कुपी द्रव मिसळून तयार केली की चार तासांत टाकावी लागते, प्रत्येक बाळाला नवी सिरिंज आणि नवी सुई वापरतात. उरलेली लस सिस्टर टाकून देतात तेव्हा ती नासाडी वाटू शकते. ती नासाडी नव्हे. बाळाच्या जिवाची काळजी आहे.