चांद्याची दीक्षाभूमी आणि बॅरिस्टर राजाभाऊ

कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करत, वर्धा नदी ओलांडून आपण दरवर्षी धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाला चंद्रपूरला जातो. ऑटोवाल्याला फक्त दीक्षाभूमी म्हटले की पुरते. पण हे नाव या जागेला कोणामुळे मिळाले, हे आपल्यातल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

तेव्हा या शहराला आणि जिल्ह्यालाही चांदा म्हणत. चंद्रपूर हे नाव सरकारदरबारी नंतर आले. आपल्या गावची म्हातारी माणसे अजूनही चांद्यालाच जातात, आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर चांदा फोर्ट आजही टिकून आहे.

याच चांद्यात २५ सप्टेंबर १९२५ रोजी भाऊराव देवाजी खोब्रागडे जन्मले. आपण त्यांना राजाभाऊ म्हणतो. वडील देवाजीबापू चळवळीतले, त्यामुळे बाबासाहेबांचा विचार घरातच होता. राजाभाऊ विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन समाजाच्या कामाला लागले.

१४ आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. लगेच १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. नागपुरानंतर त्यांनी स्वतः दीक्षा दिली ती इथेच. या सोहळ्याच्या आयोजनात पुढे होते ३१ वर्षांचे राजाभाऊ. खेड्यापाड्यांतून लोक आले आणि बौद्ध होऊन परतले. जिथे हे घडले ती जागा दीक्षाभूमी झाली. पुढे दोन महिनेही झाले नाहीत, तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

जिथे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना जातीवरून हाक मारली जाई, तिथे आपल्या माणसांच्या कृतीवरून एका परिसराला नाव मिळाले, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच परिसरात आज डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे आणि आपल्या तालुक्यातली मुलेही तिथे शिकतात.

राजाभाऊ तीन वेळा राज्यसभेत गेले. १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. रिपब्लिकन पक्षाचे ते मोठे नेते, पण पक्ष फुटला तेव्हा एक गट त्यांच्याही नावाने ओळखला गेला. हे लपवून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. गटांमुळे आपली ताकद किती घटली, ते आपण आजही प्रत्येक निवडणुकीत भोगतो. मात्र १६ ऑक्टोबरला सगळ्या गटांची माणसे एकाच मैदानात येतात, हेही तितकेच खरे.

९ एप्रिल १९८४ रोजी राजाभाऊंचे निधन झाले. २०२५ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली. आपल्या किती विहारांत त्या दिवशी त्यांचा फोटो लागला? येत्या २५ सप्टेंबरला कोरपना, गडचांदूर, नांदा इथल्या विहारांत तरुणांनी जमावे, १९५६ ला चांद्याला गेलेल्या घरांतल्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकाव्या आणि वहीत उतरवून घ्याव्या. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

जय भीम!