सिंधूचे जनक : कै. राम गणेश गडकरी

या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाने सुचविले तेव्हा आमच्या मनात प्रथम गडकऱ्यांचेच नाव आले. त्यास कारण आहे. आम्ही शिक्षक असताना नववीच्या वर्गात ‘एकच प्याला’ची कथा सांगत होतो. एका मुलीने, सिंधूचा अपराध कोणता, असे विचारले. त्या मुलीच्या घरची स्थिती आम्ही जाणून होतो. हरिश्चंद्राचे आख्यान सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु ते उत्तर नव्हे, हे आम्हांसही कळत होते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. पुण्यास मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयात गेले; तेथे गणिताने दगा दिला आणि शिक्षण सुटले. (आम्हीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणून हे वाचताना अंमळ धीर येतो.) पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी केले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिले. ‘प्रेमसंन्यास’ व ‘पुण्यप्रभाव’ या नाटकांनी कीर्ती झाली.

आता सिंधूकडे वळू. हरिश्चंद्र घ्या, नल-दमयंती घ्या. आपल्या पुराणांत निरपराध्यांवर संकटे कोसळतात खरी, पण अखेरीस सारे परत मिळते. रोहिदास उठून बसतो, नलास राज्य लाभते. गडकऱ्यांनी तसे केले नाही. सुधाकर वकील बुद्धिमान, पण मानी. सनद तात्पुरती रद्द झाल्याचा अपमान त्यास सोसवला नाही आणि तळीरामाने पुढे केलेला प्याला त्याने घेतला. त्याचे पाप त्यास भोवले, हे समजू शकते. पण सिंधूने दळणकांडण करून संसार ओढला, तिचे तान्हे बाळ बापाच्याच हातून गेले, तीही गेली. काहीच परत मिळाले नाही. आमच्या मते या नाटकाचे खरे बळ येथेच आहे. दारूबंदीचा उपदेश त्यामानाने दुय्यम होय.

लेखकाच्या वाट्यासही तसेच आले. क्षयाने शरीर पोखरले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. महिनाही लोटला नव्हता तोच बडोद्यास गंधर्व मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले. गडकऱ्यांना मात्र ते पाहावयास मिळाले नाही. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले.

मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी एक नाटक मात्र पुरे केले, ते ‘भावबंधन’. त्यात विसराळू धुंडिराज आहे, भरपूर हशा आहे आणि शेवट गोड आहे. ती मुलगी आज कोठे असेल ते ठाऊक नाही. भेटली तर आता हरिश्चंद्र सांगणार नाही. अंथरुणास खिळलेला हा मनुष्य अखेरच्या दिवसांत काय लिहीत होता, तेवढे सांगू.