फॉन ब्राउन आणि इंजिनांचा जमाखर्च
वेर्नर फॉन ब्राउन १९१२ मध्ये जर्मनीत जन्मले. त्यांचे व्ही-२ अग्निबाण छळछावणीतील कैद्यांना राबवून बांधले गेले. तो खर्च कोणत्याच ताळेबंदात आला नाही. १९४५ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथे १९५२ मध्ये त्यांनी खालचे टप्पे समुद्रातून उचलून पुन्हा वापरता येतील अशा अग्निबाणाची योजना मांडली. पुढे चंद्राची घाई झाली आणि सॅटर्न-५ च्या १३ उड्डाणांत पहिल्या टप्प्याची ६५ इंजिने अटलांटिकमध्ये गेली. मुदत ठरलेली आणि उड्डाणे मोजकी असता हा निर्णय गैर म्हणता येणार नाही. पुनर्वापराचे इंजिन अधिक टिकाऊ, म्हणूनच महाग. शिवाय तपासणी-दुरुस्ती आलीच. ही गुंतवणूक वारंवार उड्डाणे झाली तरच फिटते. ब्राउन १९७७ मध्ये निवर्तले. १९८१ मध्ये उडालेल्या स्पेस शटलला वर्षाकाठी ९ हून अधिक उड्डाणे कधीच साधली नाहीत.