पिरॅमिडने बुडवलेल्या दिग्दर्शकाला तुरुंगाच्या एका खोलीने वर काढलं

रात्रीची वेळ. एक पोलीस ठाणं, तेही कायमचं बंद होणार म्हणून जवळपास रिकामं केलेलं. फोन तुटलेले, लाईट गेलेली. आत एक पोलीस अधिकारी, ऑफिसात काम करणाऱ्या दोन बायका, दोन कैदी आणि धक्क्याने वाचा गेलेला एक बाप. बाहेर अंधारात सायलेन्सर लावलेल्या बंदुका घेऊन अख्खी टोळी उभी. पळायला वाट नाही, मदतीला कोणी येईल याची खात्री नाही.

१९७६ साली आलेल्या 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' या सिनेमाची एवढीच गोष्ट. बजेट साधारण एक लाख डॉलर, शूटिंग वीसेक दिवसांचं, ओळखीचा एकही स्टार नाही. गंमत म्हणजे सिनेमातल्या ठाण्याचं नाव प्रिसिंक्ट १३ नाहीच, ते नाव वितरकाने ठोकून दिलेलं. तरी पण हा सिनेमा आज पाहिला तरी आपण खुर्चीच्या टोकावर येऊन बसतो.

तो लिहिला, दिग्दर्शित केला, त्याला संगीत दिलं आणि एडिटही केला जॉन कार्पेंटर या तरुणाने. पण एडिटर म्हणून पडद्यावर नाव येतं जॉन टी. चान्स. हा चान्स कोण? तर १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो' सिनेमातला शेरीफ. कार्पेंटरने आपल्या गुरूला केलेला तो नमस्कार होता. गुरूचं नाव हॉवर्ड हॉक्स. आजचा विषय हा गडी.

हॉक्सचा जन्म ३० मे १८९६ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गोशेन गावचा. घर श्रीमंत, कागदाचा धंदा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियाला आलं. पोरगा कॉर्नेल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, रेसिंगच्या गाड्या चालवल्या, पहिल्या महायुद्धात वैमानिकांना विमान चालवायला शिकवलं. सुट्टीत स्टुडिओत सामान उचलायचं काम करता करता सिनेमाचा नाद लागला. बाकी स्वतःबद्दलच्या गोष्टी रंगवून सांगण्यात हा माणूस इतका पटाईत होता, की त्याच्या मुलाखती वाचताना निम्म्यावर विश्वास ठेवायचा आणि निम्म्या सोडून द्यायच्या.

एक गोष्ट मात्र त्याने रंगवलेली नाही. २ जानेवारी १९३० रोजी त्याचा धाकटा भाऊ केनेथ, तोही दिग्दर्शक, सांता मोनिकाजवळ समुद्रावर हवाई दृश्यं चित्रित करत होता. दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि दहा जण गेले. केनेथ त्यातलाच एक. त्याच वर्षी हॉक्सचा वैमानिकांवरचा 'द डॉन पॅट्रोल' आला. १९३९ मध्ये त्याने 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' केला. धोक्याच्या हवेत टपाल घेऊन उडणारे वैमानिक, रोज कोणीतरी परत येत नाही आणि उरलेले दुःख गिळून पुन्हा कामाला लागतात. हॉक्सच्या सिनेमात कोणी मेलं तर लोक छाती पिटत नाहीत. याचं कारण मला तरी त्या समुद्रावरच्या दिवसात दिसतं.

मधली वीस वर्षं भराभर सांगतो. गुंडांचा 'स्कारफेस', विनोदी 'ब्रिंगिंग अप बेबी' आणि 'हिज गर्ल फ्रायडे', हम्फ्री बोगार्टचा 'द बिग स्लीप', जॉन वेनचा 'रेड रिव्हर', मेरिलिन मन्रोचा 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स'. प्रत्येक प्रकारात हात घातला आणि बहुतेक वेळा जमवून दाखवलं. ऑस्करचं दिग्दर्शनाचं नामांकन मात्र आयुष्यात एकदाच, 'सार्जंट यॉर्क'साठी. तेही हुकलं.

वेढ्याच्या सिनेमाचं खरं बीज पडलं १९५१ मध्ये. 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' हा परग्रहावरच्या प्राण्याचा सिनेमा. दिग्दर्शक म्हणून नाव त्याचा एडिटर ख्रिश्चन नायबीचं, निर्माता हॉक्स. खरं दिग्दर्शन कोणी केलं यावर आजही वाद चालतो. गोष्ट उत्तर ध्रुवाजवळच्या एका तळावरची. बाहेर बर्फ, आत मूठभर माणसं आणि बाहेरून आत येऊ पाहणारं काहीतरी. ते काहीतरी फार वेळ नीट दिसतच नाही. गायगर काउंटरची टिकटिक वाढते आणि सगळे दाराकडे बघत बसतात. श्वासाची वाफ दिसावी म्हणून काही दृश्यं लॉस एंजेलिसच्या एका बर्फाच्या कोठारात घेतली होती.

कमी पैशातला वेढ्याचा सिनेमा चालतो कसा, याचं गणित इथेच कळतं. जागा एकच, त्यामुळे सेटचा खर्च वाचतो. रात्र असली की बाहेरचं काही दाखवावं लागत नाही, शत्रू किती हे प्रेक्षक स्वतःच ठरवतो, आणि तो नेहमी जास्तच धरतो. दार कुठे, खिडकी कुठे, गोळ्या किती उरल्या, हे दहा मिनिटांत पाठ होतं. मग नुसतं दार करकरलं तरी पुरतं. आणि पळताच येत नसल्यामुळे माणसं जशी आहेत तशी बाहेर पडतात. कोण घाबरट, कोण भरवशाचा, ते लपत नाही.

हे सगळं हातात असताना हॉक्सने काय करावं? तो गेला इजिप्तला. १९५५ चा 'लँड ऑफ द फेरोज'. पिरॅमिड बांधणारे हजारो एक्स्ट्रा आणि लेखकांत चक्क नोबेल मिळवलेला विल्यम फॉकनर. सिनेमा दणकून आपटला. त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं दृश्य कोणतं, तर शेवटचं. वाळू सुटते, दगड सरकतात आणि राणी थडग्यात कायमची कोंडली जाते. म्हणजे तिथेही कामाला आली ती बंद खोलीच.

या पडझडीनंतर हॉक्सने हॉलिवूड सोडलं. काही वर्षं युरोपात काढली. साठी उलटली होती, म्हातारा संपला असं म्हणायला इंडस्ट्री मोकळी होती. पुढच्या सिनेमावर सगळंच लागलेलं होतं. १९५८ मध्ये तो परतला आणि ॲरिझोनातल्या ओल्ड टक्सनच्या सेटवर 'रिओ ब्राव्हो' सुरू केला.

त्यामागे एक खुन्नसही होती. १९५२ च्या 'हाय नून'मध्ये गॅरी कूपरचा मार्शल गुंड येणार म्हणून गावभर मदत मागत फिरतो आणि कोणी येत नाही. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट ठरवून लोकांना वाळीत टाकलं जात होतं, त्यावरचं हे रूपक आहे असं अनेकांनी मानलं. हॉक्सला आणि जॉन वेनला तो सिनेमा अजिबात रुचला नाही. आपलं काम येणाऱ्या माणसाने दारोदार हात का पसरावेत, हा हॉक्सचा सवाल. याच गॅरी कूपरला पहिलं ऑस्कर हॉक्सच्याच 'सार्जंट यॉर्क'ने मिळवून दिलं होतं आणि दुसरं या 'हाय नून'ने. माझ्या मते 'हाय नून'वर हॉक्सने थोडा अन्यायच केला. पण त्या रागातून जे निघालं ते सोन्यासारखं होतं.

'रिओ ब्राव्हो'त शेरीफ चान्सने एका बड्या जमीनदाराच्या भावाला खुनासाठी आत टाकलंय. सरकारी मार्शल येईपर्यंत काही दिवस त्याला सांभाळायचंय आणि गावाची नाकेबंदी झालीय. एक मित्र माणसं द्यायला तयार होतो, पण ती बायकापोरांची माणसं म्हणून चान्स नको म्हणतो. मग खिंड लढवायला उरतं कोण? दारूत बुडालेला जुना साथीदार ड्यूड, लंगडा म्हातारा स्टम्पी आणि अठरा वर्षांचा गायक रिकी नेल्सनने केलेला पोरसवदा कोलोरॅडो.

सिनेमा सुरू होतो तेव्हा काही मिनिटं कोणी बोलतच नाही. कोणीतरी पिकदाणीत नाणं फेकतं आणि दारूसाठी ड्यूड त्यात हात घालायला निघतो. माणूस किती खाली गेलाय ते संवादाशिवाय कळतं. पुढे तोच ड्यूड एका खुन्याच्या मागावर बारमध्ये शिरतो. लोक हसतात, पुन्हा पिकदाणीत नाणं पडतं. इतक्यात बारवरच्या बिअरच्या ग्लासात वरून रक्ताचे थेंब टपकताना त्याला दिसतात. तो गर्रकन वळतो आणि माळ्यावर लपलेल्याला टिपतो. डीन मार्टिनने यापेक्षा चांगलं काम कधी केलं असेल असं वाटत नाही.

हात थरथरतात म्हणून ड्यूडला सिगारेट वळता येत नाही, तर चान्स न बोलता देतो. कार्पेंटरच्या सिनेमातला कैदी नेपोलियन विल्सन सगळ्यांकडे सिगारेट मागत फिरतो, ते इथून आलं. त्याच्या नायिकेचं नाव ली, तेही 'रिओ ब्राव्हो'च्या लेखिकांपैकी एक असलेल्या ली ब्रॅकेटवरून.

हा सिनेमा स्वस्त नव्हता, वेनसारखा स्टार होता. पण त्याचा जीव तुरुंगाच्या त्या खोलीत होता, आणि खोली कोणालाही परवडते. हे कार्पेंटरने बरोबर ओळखलं. 'रिओ ब्राव्हो' चालला आणि हॉक्स पुन्हा उभा राहिला. हीच गोष्ट थोडी फिरवून त्याने 'एल डोराडो' केला, मग १९७० मध्ये शेवटचा 'रिओ लोबो'. तो काही जमला नाही.

१९७५ मध्ये अकादमीने त्याला मानद ऑस्कर दिलं. ते द्यायला मंचावर होता जॉन वेन. पुढच्या वर्षी कार्पेंटरचा सिनेमा अमेरिकेत आला तेव्हा फारसं कोणी पाहिलं नाही. १९७७ च्या अखेरीस लंडनच्या महोत्सवात मात्र त्याचं जोरदार कौतुक झालं. त्याच दिवसांत पाम स्प्रिंग्जच्या घरी हॉक्स आपल्या कुत्र्याला अडखळून पडला आणि त्या दुखण्यातून उठलाच नाही. २६ डिसेंबर १९७७ ला तो गेला. वय ८१. आदल्याच दिवशी, नाताळला, स्वित्झर्लंडमध्ये चार्ली चॅप्लिन गेला होता आणि जगभरचे पेपर त्याच्याच बातमीने भरलेले होते.