इल्देफोन्स सेर्दा

इल्देफोन्स सेर्दा (जन्म : सेंतेल्यास, कातालोनिया, २३ डिसेंबर, इ.स. १८१५, मृत्यू : काल्दास दे बेसाया, २१ ऑगस्ट, इ.स. १८७६) हे स्पॅनिश स्थापत्य अभियंता आणि नगररचनाकार होते. बार्सिलोना शहराच्या तटबंदीबाहेरील एशाम्प्ला या विस्तारित भागाचा आराखडा त्यांनी तयार केला. रहदारी आणि निवास या नागरी जीवनाच्या दोन्ही गरजांचा एकत्र विचार करणाऱ्या आधुनिक नगररचनेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन
सेर्दा यांचा जन्म एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. विक आणि बार्सिलोना येथील शिक्षणानंतर ते माद्रिदच्या स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले आणि इ.स. १८४१ मध्ये पदवीधर होऊन शासकीय सेवेत रुजू झाले. इ.स. १८४४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नीम येथे त्यांनी वाफेवर चालणारी रेल्वे पाहिली. हे नवे वाहन माणसांची व मालाची ये-जा पालटून टाकणार, आणि त्यासाठी शहरांनाही आपली घडण बदलावी लागणार, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला. भावांच्या मृत्यूनंतर कुटुंबाची मालमत्ता त्यांच्याकडे आली. इ.स. १८४९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे आपला बराचसा पैसा नगररचनेच्या अभ्यासावर खर्च केला.

बार्सिलोनाची स्थिती
त्या काळी बार्सिलोनाची दीड लाखांहून अधिक लोकसंख्या तटबंदीच्या आत कोंडलेली होती. लष्करी कारणांसाठी तटाबाहेरील मोठ्या पट्ट्यात बांधकामास मनाई होती. अरुंद गल्ल्या आणि दाट वस्ती यांमुळे रोगराई बळावे, इ.स. १८५४ मध्ये शहरात पटकीची साथ आली. त्याच वर्षी तट पाडण्यास परवानगी मिळाली. सेर्दा यांनी इ.स. १८५५ मध्ये शहराच्या परिसराचा भूमापन नकाशा तयार केला. त्यानंतर त्यांनी कामगारांची घरे, मजुरी, आहार आणि मृत्युमान यांची आकडेवारी गोळा केली. त्यांची पुढील योजना या पाहणीवर आधारलेली होती.

विस्तार योजना
सेर्दा यांच्या आराखड्यात जुने शहर आणि ग्रासिया, सान्त्स यांसारखी भोवतालची गावे यांमधील मोकळ्या जागेत रस्त्यांची काटकोनी जाळी आखलेली होती. प्रत्येक चौकोनी ब्लॉकची बाजू सुमारे ११३ मीटर होती. सर्वसाधारण रस्त्याची रुंदी २० मीटर असून त्यातील निम्मी वाहनांसाठी, तर उरलेली निम्मी दोन्ही बाजूंच्या पाच-पाच मीटरच्या पदपथांसाठी राखलेली होती. पायी चालणाऱ्याला वाहनाइतकीच जागा देणे हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. ब्लॉकचे कोपरे तिरके छाटल्यामुळे प्रत्येक चौक रुंद झाला. वळणाऱ्या वाहनांना त्यामुळे पुरेशी जागा मिळाली आणि समोरून येणारी रहदारी दिसू लागली. दूरच्या वाहतुकीसाठी याहून रुंद हमरस्ते व जाळीला छेदून जाणारे तिरपे मार्ग योजले होते.

ब्लॉकच्या केवळ दोन बाजूंना इमारती आणि उरलेल्या जागेत बाग असावी, असा मूळ संकल्प होता. नव्या रस्त्यांमुळे वेडीवाकडी कापली जाणारी शेतजमीन एकत्र करून तिची पुन्हा आखणी करावी आणि रस्त्यांसाठी जाणाऱ्या जमिनीचा भार सर्व मालकांनी प्रमाणात सोसावा, असेही त्यांनी सुचवले.

वाद आणि अंमलबजावणी
इ.स. १८५९ मध्ये माद्रिदच्या सरकारने ही योजना मंजूर केली. परंतु बार्सिलोनाच्या नगरपरिषदेने घेतलेल्या स्पर्धेत आंतोनी रोविरा इ त्रियास यांचा आराखडा विजयी ठरला होता. इ.स. १८६० मध्ये सरकारने सेर्दा यांचीच योजना कायम केली. ती वरून लादली गेल्याची भावना शहरात दीर्घकाळ टिकली आणि सेर्दा यांना स्थानिक रोषाला सामोरे जावे लागले. जमीनमालकांच्या दबावामुळे ब्लॉकच्या चारही बाजूंना बांधकामे झाली, इमारतींची उंची वाढली आणि बहुतेक बागा नाहीशा झाल्या. रस्ते मात्र बव्हंशी आखल्याप्रमाणे झाले.

लेखन आणि अखेरचा काळ
इ.स. १८६७ मध्ये नागरीकरणाच्या सर्वसाधारण सिद्धान्तावरील त्यांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नगररचनेसाठी त्यांनी योजलेली ‘उर्बानिथासिओन’ ही संज्ञा त्यातून रूढ झाली. ते राजकारणातही सक्रिय होते, इ.स. १८५१ मध्ये ते स्पेनच्या संसदेवर निवडून आले होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांची संपत्ती संपली होती आणि केलेल्या कामाचा मोबदलाही पूर्ण मिळाला नव्हता. उत्तर स्पेनमधील काल्दास दे बेसाया येथे त्यांचे निधन झाले.

वारसा
घोडागाड्यांच्या काळात आखलेल्या २० मीटर रुंदीच्या रस्त्यांनी पुढे मोटारींची रहदारीही सामावून घेतली. मात्र बागा गेल्याने एशाम्प्लात मोकळ्या जागेची टंचाई निर्माण झाली. इ.स. २०१६ पासून बार्सिलोनात काही ब्लॉकांचे समूह करून त्यांच्या आतील रस्त्यांवरील मोटारींची रहदारी मर्यादित केली जात आहे. त्यातून मोकळे झालेले चौक पादचारी आणि झाडांसाठी वापरले जातात.