सुव्हला ते डाउनिंग स्ट्रीट : मेजर अ‍ॅटली

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात क्लेमंट अ‍ॅटली यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ते ब्रिटनचे पंतप्रधान होते, एवढे सांगून पुस्तक लगेच माउंटबॅटन यांच्याकडे वळते. हा मनुष्य मुळात पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेला सैनिक होता आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मेजर अ‍ॅटली याच नावाने ओळखला जात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या विन्स्टन चर्चिल यांच्याशी त्यांचे क्वचितच एखाद्या प्रश्नावर एकमत होई, त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी पाच वर्षे राज्यकारभार केला. त्या अजब सहकार्याचे मूळ मात्र या सैनिकी पर्वातच सापडते.

अ‍ॅटली यांचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनजवळच्या पटनी येथे झाला. वडील सुस्थितीतले सॉलिसिटर. आठ भावंडांत क्लेमंट सातवे. ईस्ट इंडिया कंपनी जेथे आपले मुलकी अधिकारी तयार करीत असे, त्याच हेलीबरीच्या आवारातील शाळेत ते शिकले. पुढे ऑक्सफर्ड, त्यानंतर बॅरिस्टरी. घरची राजकीय परंपरा पाहता ते समाजवादाकडे वळतील असे कोणाला वाटले नसते. परंतु १९०५ साली लंडनच्या ईस्ट एंडमधील स्टेपनी या गरीब वस्तीत मुलांच्या एका क्लबशी त्यांचा संबंध आला. गोदी कामगारांची ती मुले, त्यांची घरे, त्यांची उपासमार पाहून त्यांचे मन पालटले आणि काही वर्षांतच ते समाजवादी चळवळीत दाखल झाले.

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि न जाण्यास हवी तेवढी कारणे हाताशी होती. त्यांचे थोरले बंधू टॉम हेही समाजवादी, पण त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून शस्त्र धरण्यास नकार दिला व त्यापायी तुरुंगवास पत्करला. क्लेमंट साउथ लँकेशर रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनमध्ये अधिकारी झाले. एकाच घरातले, एकाच विचाराचे दोन भाऊ, एक आघाडीवर आणि एक कोठडीत! मतभेद म्हणजे वैर नव्हे, हा धडा अ‍ॅटली यांना संसदेत शिरण्याच्या कितीतरी आधी घरातच मिळाला असावा, असे मला वाटते.

१९१५ च्या उन्हाळ्यात त्यांची पलटण तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे उतरली. तेथे त्यांना आमांशाने गाठले आणि माल्टाच्या रुग्णालयात हलवावे लागले. ते खाटेवर पडून असतानाच ऑगस्टच्या लढाईत त्यांच्या बटालियनची दाणादाण उडाली. बरे होऊन ते पुन्हा आघाडीवर परतले. डिसेंबरात सुव्हला उपसागरावरून सैन्य माघारी घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पिछाडी सांभाळणाऱ्या तुकडीत ते होते. तो किनारा सोडणाऱ्यांत त्यांचा क्रम शेवटून दुसरा. त्यांच्यामागे उरले होते ते फक्त जनरल मॉड.

गॅलिपोलीच्या मोहिमेमागे सर्वांत मोठा आग्रह होता तो नौदलमंत्री चर्चिल यांचा. मोहीम फसली, हजारो सैनिक प्राणाला मुकले आणि चर्चिल यांचे मंत्रिपद गेले. नंतर कित्येक वर्षे विरोधक त्यांना या अपयशावरून टोचत राहिले. मजूर पक्षातील एका माजी सैनिकाच्या हाती तर हे आयतेच कोलीत होते. पण त्या किनाऱ्यावर स्वतः उभे राहिलेल्या अ‍ॅटली यांचे मत शेवटपर्यंत निराळेच राहिले. मोहिमेची कल्पना योग्य होती, अंमलबजावणी बिघडली, असे ते मानीत. पुढच्या साऱ्या राजकारणात चर्चिल यांच्याविषयी त्यांच्या मनात जो आदर टिकला, त्याचा उगम येथे आहे.

यानंतरचा टप्पा आपल्या अधिक जवळचा आहे. इराकमधील कुत येथे तुर्कांनी सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढले होते. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज बेळगावात आहे, तिच्याच या पूर्वीच्या पलटणी. त्यांची सुटका करण्यासाठी जी फौज तैग्रिस नदीच्या काठाने पुढे सरकत होती, तीत अ‍ॅटली होते. एप्रिल १९१६ मध्ये हन्ना येथील तुर्की खंदकांवरच्या हल्ल्यात तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जखमी झाले आणि उपचारांसाठी आधी हिंदुस्थानात व मग इंग्लंडला रवाना झाले. वेढा काही फुटला नाही. २९ एप्रिलला कुत पडले आणि शरण गेलेल्यांपैकी अनेक जण पुढे कैदेत मरण पावले. कोकणातल्या आणि देशावरच्या किती घरांत त्या वर्षी माणूस परत आले नाही, याचा विचार ही तारीख वाचताना मनात येतोच.

युद्ध संपल्यावर अ‍ॅटली पुन्हा स्टेपनीला गेले, १९१९ साली तेथील महापौर झाले आणि १९२२ मध्ये लाइमहाउसमधून संसदेत पोहोचले. त्या काळच्या कॉमन्स सभागृहात दोन्ही बाजूंच्या बाकांवर खंदकांतून आलेली माणसे बसत होती. हुजूर पक्षात अँथनी इडन होते, सोमच्या लढाईत गंभीर जखमी झालेले हॅरोल्ड मॅकमिलन होते. मात्र खंदकात एकत्र राहिले म्हणून माणसे संसदेतही एकत्र येतात, असा सोपा हिशेब कोणी मांडू नये. खुद्द अ‍ॅटली यांनी तिसाव्या दशकात बराच काळ सरकारच्या शस्त्रसज्जतेच्या खर्चाला विरोध केला. हिटलरचे बळ वाढत असताना घेतलेली ती भूमिका चुकीची होती, हे आज सहज दिसते.

सर्वपक्षीय एकमताचा आणखी एक नमुना आपण हिंदुस्थानी लोकांनी जवळून पाहिला आहे. सायमन आयोगाचे सात सदस्य उदारमतवादी, हुजूर आणि मजूर अशा तिन्ही पक्षांचे होते आणि मजूर पक्षाच्या दोघांपैकी एक अ‍ॅटली होते. ब्रिटिश संसदेच्या दृष्टीने याहून समतोल आयोग असू शकत नव्हता. फक्त ज्या देशाचे भवितव्य ठरवायचे, त्या देशातला एकही माणूस त्यात नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी आयोग मुंबईला उतरला तो काळ्या निशाणांच्या स्वागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयोगापुढे साक्ष दिली आणि दलितांची बाजू मांडली. त्यांना ऐकणाऱ्यांत हे मितभाषी मेजर होते. हिंदुस्थानच्या प्रश्नाचा जो अभ्यास अ‍ॅटली यांना पुढे उपयोगी पडला, तो या बहिष्कृत दौऱ्यातला आहे.

१९३१ साली मजूर पक्षाचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी आर्थिक संकटाचे कारण देऊन विरोधकांबरोबर राष्ट्रीय सरकार बनवले. आपला पक्ष त्यांनी मागे टाकला. त्यानंतरच्या निवडणुकीत मजूर पक्ष पन्नासेक जागांवर आला. अ‍ॅटली अवघ्या ५५१ मतांनी वाचले. मॅकडोनाल्ड यांचे ते पाऊल त्यांच्या लेखी विश्वासघात होता. बडे नेते पडल्यामुळे अ‍ॅटली उपनेते झाले आणि १९३५ मध्ये नेते. अनेकांना ही तात्पुरती सोय वाटली होती. ती वीस वर्षे टिकली.

मे १९४० मध्ये नॉर्वेतील पराभवावर कॉमन्समध्ये चर्चा झाली. हुजूर पक्षाचेच खासदार, गॅलिपोलीच्या नौदल मोहिमेत काम केलेले अ‍ॅडमिरल सर रॉजर कीज, पूर्ण गणवेशात सभागृहात आले आणि आपल्याच सरकारवर तुटून पडले. मतदानात चेंबरलेन यांचे मताधिक्य ८१ वर घसरले. चेंबरलेन यांनी अ‍ॅटली यांना विचारले, मजूर पक्ष सरकारात येईल का? अ‍ॅटली यांनी तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. पक्षाचे अधिवेशन बोर्नमथला भरत होते. तेथे जाऊन त्यांनी कार्यकारिणीपुढे प्रश्न ठेवला आणि १० मे रोजी तिचा निर्णय दूरध्वनीवरून कळवला: सरकारात येऊ, पण चेंबरलेन यांच्या हाताखाली नाही. त्याच संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले.

मॅकडोनाल्ड आणि अ‍ॅटली यांच्यातला फरक नेमका या आगगाडीच्या प्रवासात आहे. एक जण पक्ष सोडून विरोधकांकडे गेला, दुसरा पक्षाला विचारून आणि पक्षाला बरोबर घेऊन गेला.

पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात मजूर पक्षाचे दोघे होते, अ‍ॅटली आणि आर्थर ग्रीनवुड. मेच्या अखेरीस डंकर्कला सैन्य अडकले असताना परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांनी इटलीच्या मध्यस्थीने तडजोडीचा अंदाज घ्यावा असे सुचवले. तेव्हा चर्चिल यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले ते त्यांच्या पक्षाबाहेरचे हे दोघे. १९४२ पासून अ‍ॅटली अधिकृतपणे उपपंतप्रधान झाले. चर्चिल परदेशी असले की बैठका तेच चालवीत आणि त्या लवकर संपत.

या सोबतीची किंमतही होती आणि तिचा मोठा वाटा आपण चुकवला. ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल कैरो आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना मंत्रिमंडळाचे अध्यक्षपद अ‍ॅटली यांच्याकडे होते. गवालिया टँकवरच्या ठरावानंतर गांधीजी आणि काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली, तिला या मंत्रिमंडळाची संमती होती. हिंदुस्थानच्या स्वराज्याबद्दल सहानुभूती असलेल्या नेत्याने ती दिली. त्यांच्या चरित्रातले हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

तरी ते चर्चिल यांचे होयबा नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी चर्चिल यांना एक लांबलचक पत्र लिहिले. कार्यालयातल्या कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते स्वतः टंकलिखित केले. पंतप्रधान कागदपत्रे न वाचता बैठकीला येतात, समित्यांचे काम डावलतात आणि मर्जीतल्या माणसांचे ऐकतात, अशी त्यात स्पष्ट तक्रार होती. चर्चिल भडकले, पण त्यांच्या पत्नीलाही पत्र योग्यच वाटले. पत्र वर्तमानपत्रांकडे गेले नाही. आजच्या बातमीदाराला ही गोष्ट अविश्वसनीय वाटावी.

निवडणुकीच्या प्रचारात चर्चिल यांनी नभोवाणीवर मजूर पक्षाच्या राजवटीची तुलना गेस्टापोशी केली. अ‍ॅटली यांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर दिले. मतमोजणी व्हायची होती आणि पॉट्सडॅमची परिषद तर आधीच सुरू झाली होती. निकाल काहीही लागो, देशाची बाजू खंडित होऊ नये म्हणून चर्चिल प्रतिस्पर्ध्याला बरोबर घेऊन गेले. २६ जुलैला निकाल लागला, मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि परिषदेला परतताना पंतप्रधान म्हणून एकटे अ‍ॅटली गेले. पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली, कोळसा आणि रेल्वे सरकारी झाली. १९५१ मध्ये सत्तेवर परतलेल्या चर्चिल यांनी आरोग्य सेवा कायम ठेवली.

भारताच्या स्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र दोघे समोरासमोर होते. २० फेब्रुवारी १९४७ च्या अ‍ॅटली यांच्या घोषणेविरुद्ध हुजूर पक्षाने मतदान केले. जूनमध्ये दोन्ही नव्या देशांनी राष्ट्रकुलातील वसाहतीचा दर्जा तूर्त स्वीकारल्यावर चर्चिल यांचा विरोध निवळला आणि जुलैत मांडलेले विधेयक पंधरवड्यात, १८ जुलैला, कायदा झाले. संसदेत या विधेयकाला अडथळा आला नाही हे खरे. पण ज्या घाईने सीमा आखल्या गेल्या, तिला तेथे थांबवून प्रश्न विचारणाराही कोणी उरला नाही. सायमन आयोगाच्या वेळचे ब्रिटिश एकमत आणि हे एकमत, दोन्हींत पंजाब आणि बंगालमधल्या सामान्य माणसाला जागा नव्हती.

१९५५ साली अ‍ॅटली यांनी पक्षनेतृत्व सोडले. जानेवारी १९६५ मध्ये चर्चिल यांची अंत्ययात्रा सेंट पॉल्स कॅथीड्रलला निघाली, तेव्हा मानाच्या शववाहकांत इडन, मॅकमिलन आणि माउंटबॅटन यांच्याबरोबर बयाऐंशी वर्षांचे अ‍ॅटली होते. थंडी कडाक्याची होती आणि त्यांना फार वेळ उभे राहवेना. पायऱ्यांवर त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवावी लागली. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.