बाबासाहेबांचे शालेय जीवन आणि आपला वर्ग

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून वंदन करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांचे स्मरण एक लहान विद्यार्थी म्हणून करू इच्छितो. कारण आपल्या प्रत्येक वर्गाची कसोटी त्या विद्यार्थ्याच्या अनुभवात आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्र आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गात स्थान मिळाले नाही. इतर मुलांपासून दूर, गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला स्पर्श करीत नसे, म्हणून ते रोज सायंकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच.

त्याच शाळेतील एक ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाकरी-भाजी या विद्यार्थ्याला देत असत. बाबासाहेबांनी ही माया जन्मभर कृतज्ञतेने आठवली. परंतु एका शिक्षकाच्या मायेने गोणपाट उचलले गेले नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. परदेशी शिक्षण घेऊन १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हाही त्यांनी प्राध्यापकांच्या माठातील पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्ञान वाढले, पदवी आली. पाण्याचा प्रश्न मात्र तेथेच उभा होता.

म्हणून त्यांनी दयेवर विसंबून न राहता व्यवस्था उभी करण्याचा मार्ग धरला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. आज आपली मुले ज्या निवासी शिक्षणाचा लाभ घेत आहेत, त्या परंपरेचा हा आरंभकाळ होय.

१९२९ मध्ये अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब आपल्या खानदेशात आले. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्थानकावर समाजबांधव हार घेऊन उभे होते. महारवाडा जवळच होता. पण आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे त्यांना रुचेना, आणि एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकण्यास तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन आपल्यातीलच एकाने लगाम धरला. त्याला सराव नव्हता. नदीवरील फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ज्यांना आयुष्यभर सन्मान नाकारला गेला, ती माणसे दुसऱ्याचा सन्मान किती जिवापाड जपतात, हे चाळीसगावने दाखविले. पुढे ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले, तेव्हा लळिंगच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आजही तेथे दरवर्षी जनसमुदाय लोटतो.

साताऱ्याच्या वर्गातील अन्यायाचे उत्तर अखेर राज्यघटनेत आले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. एकोणतिसाव्या कलमाने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत धर्म, वंश, जात वा भाषेवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे आपल्याला समता आणि मैत्रीचा धम्म दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. वर्गात त्याला आपलेपणाने बसविणे हे आपले काम आहे. मागच्या बाकावर रोज तेच मूल बसते का? अहिराणी, पावरी वा भिली बोलणाऱ्या मुलाच्या उच्चारावर कोणी हसते का? झाडणे, पाणी भरणे ही कामे सर्वांच्या वाट्याला पाळीपाळीने येतात का? शिक्षक मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात की व्यंगावरून? पालक घरी दुसऱ्याच्या मुलाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात? हे प्रश्न लहान वाटतील; गोणपाटही एक लहानशीच वस्तू होती.

शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी अशा आपण सर्वांनी हे प्रश्न वर्षातून एकदा नव्हे, तर रोज विचारले पाहिजेत. आपल्या शाळेतील एकाही बालकाला मनातल्या मनात गोणपाट घरी न्यावे लागू नये, हेच बाबासाहेबांना आपले खरे अभिवादन ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!